साडेत्रेचाळीसला कुणीच गेलं नव्हतं

यंदा दिवाळीच्या फराळाला वडोदऱ्याहून आतेभाऊ इंदूरला आला होता. तो गुजरात सरकारच्या नोकरीत होता, ५८ पूर्ण झाली आणि रिटायर झाला. माझा धाकटा भाऊ मध्य प्रदेश सरकारच्या नोकरीत आहे. साठी उलटली तरी रोज डबा घेऊन ऑफिसला जातो, कारण आपल्याकडे २०१८ पासून निवृत्तीचं वय ६२ आहे. झाबुआ आणि दाहोद हे शेजारशेजारचे जिल्हे. मधली राज्याची सीमा ओलांडली की कारकुनाच्या नोकरीत चार वर्षांचा फरक पडतो.

रामबागेतल्या घरी चिवड्याच्या ताटलीभोवती वाद सुरू झाला. निमित्त डेन्मार्कचं होतं. तिथल्या संसदेने मे २०२५ मध्ये पेन्शनचं वय २०४० पर्यंत ७० वर न्यायचा कायदा मंजूर केला. फ्रान्समध्ये २०२३ साली ६२ चं ६४ करायचं ठरलं, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले होते.

भाऊ म्हणाला, "मध्य प्रदेशात सरासरी आयुर्मान ६७ च्या आसपास. बासष्टला सुटलो की हातात पाचच वर्षं उरतात. आयुष्यभर राबायचं ते एवढ्यासाठी?"

भाची म्हणाली, "मामा, स्वातंत्र्याच्या सुमारास आयुर्मान ३२ होतं, आता जवळजवळ ७० आहे. दुपटीहून जास्त वाढलं. मग निवृत्तीचं वय नको का वाढायला?"

दोघांची मतं उलटसुलट, पण दोघांनी आधार घेतला तो आयुर्मानाचाच आणि या कामासाठी तो आकडा सपशेल चुकीचा. मी अनेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे मला राहवलं नाही. उठून कपाटातून आमच्या वंशावळीची लाल पुठ्ठ्याची वही काढली.

आजोबांची सख्खी भावंडं धरून आठजण. तिघं लहानपणीच गेली: एक पहिल्या वर्षी, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. वहीत एकापुढे "देवी" एवढंच लिहिलं आहे, दुसऱ्यापुढे "ताप". एक आत्या-आजी तिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. उरलेले चौघे ७१, ७७, ७९ आणि ८५ वर्षं जगले. आठ आकड्यांची बेरीज ३४८, भागिले आठ, म्हणजे सरासरी साडेत्रेचाळीस.

आता वही पुन्हा बघा. साडेत्रेचाळीसच्या जवळपास यातलं कुणीही गेलेलं नाही. तिशी ते सत्तरी या चाळीस वर्षांत त्या घरात एकाही भावंडाचं सुतक आलं नाही. जे चौघे साठी ओलांडून पुढे गेले, त्यांच्या वयांची सरासरी ७८ येते. म्हणजे साठीनंतर १८ वर्षं.

पुढची पायरी महत्त्वाची. समजा त्या तीन लेकरांना लस आणि औषध मिळालं असतं, आणि तीही बाकीच्या चौघांसारखी सरासरी ७८ वर्षं जगली असती. मग बेरीज होते ५७६ आणि सरासरी ७२. घराचं आयुर्मान साडेत्रेचाळीसवरून एकदम ७२ वर गेलं, साडेअठ्ठावीस वर्षांनी वाढलं! आणि साठीनंतरची वर्षं? पूर्वी १८, आताही १८. म्हातारपण एका दिवसानेही लांबलं नाही, फक्त बाळं वाचली.

आयुर्मान हा शब्द ऐकला की आपण समजतो, माणूस साधारण इतकी वर्षं जगतो. प्रत्यक्षात तो जन्माच्या क्षणाचा आकडा आहे आणि पाळण्यातले मृत्यू त्याला जबरदस्त खाली ओढतात. २०२० साली देशात दर हजार जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, मध्य प्रदेशात ४३. आपल्या राज्याचं आयुर्मान कमी दिसतं, त्यात या बाळांचा मोठा वाटा आहे. निवृत्त होणारा कारकून त्या धोक्यातून केव्हाच पार झालेला असतो. पेन्शनच्या वादात खरा आकडा एकच: साठीला पोचलेला माणूस सरासरी अजून किती वर्षं जगतो. सरकारच्या नमुना नोंदणीच्या (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्ममृत्यूंच्या नोंदीच्या) सारण्यांप्रमाणे भारतात तो १९७० ते ७५ च्या काळात १४ च्या आसपास होता, आता १८ च्या आसपास आहे. त्याच काळात जन्मवेळचं आयुर्मान सुमारे ५० वरून ७० च्या घरात गेलं. तिथे वीस वर्षांची वाढ, इथे चारची. भाचीचा "दुपटीहून जास्त" इथेच गळून पडतो. भावाची "पाचच वर्षं" सुद्धा.

कुठल्या वयाला सरासरी किती वर्षं उरतात, अशी सारणी मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत धूमकेतूवाला एडमंड हॅली होता. १६९३ साली त्याने ब्रेस्लाऊ (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन ती केली, आणि तीही याच कामासाठी: अमुक वयाच्या माणसाला तहहयात वर्षासन, म्हणजे मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम, द्यायचं तर किंमत काय लावावी?

पण मला सगळ्यात प्रिय आहे तो इंग्लंडचा गणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ. ज्यू असल्यामुळे इंग्लंडच्या विद्यापीठाची दारं त्याला बंद होती. गणित तो स्वतःच शिकला. १८२५ साली त्याने दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता चक्रवाढ व्याजासारखी वाढते, ठरावीक वर्षांनी दुप्पट होते. आज हे अंतर ढोबळमानाने आठ वर्षांचं धरतात. साठीला वर्षाकाठी शंभरात दीड जण जात असतील, तर अडुसष्टला तीन, शहात्तरला सहा, चौऱ्याऐंशीला बारा. या दरांनी शेवटपर्यंत हिशेब केला, तर साठीनंतरची सरासरी अठराच्या आसपासच येते. साध्या दुपटीच्या नियमातून एवढं निघतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. असं का घडतं, यावर जीवशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

आता याच नियमावर निवृत्तीचं वय ६० वरून ६२ नेऊन बघू. शंभर माणसं घ्या. साठीला त्यांच्यापुढे सरासरी प्रत्येकी १८, म्हणजे एकूण १८०० माणूस-वर्षं आहेत. दोन वर्षांत साधारण तिघं जातात. सत्त्याण्णव जण पूर्ण दोन वर्षं जगले, ती १९४ वर्षं. गेलेले तिघं सरासरी एकेक वर्ष, म्हणून अजून ३. एकूण १९७ वर्षं खर्ची पडली, १६०३ उरली. ती सत्त्याण्णव जणांत वाटली की प्रत्येकी साडेसोळा. दोन वर्षं गेली, पण पुढ्यातलं आयुष्य दीडच वर्षाने घटलं, कारण जो टिकला त्याचा पल्ला थोडा लांबला. सरकारच्या बाजूने बघा: महागाई बाजूला ठेवली, तर पेन्शनच्या १८०० वर्षांपैकी १९७ वाचली, म्हणजे अकरा टक्के. वय दोनच वर्षांनी वाढवलं तरी तिजोरीला केवढा आधार मिळतो, ते यातून दिसतं. शिवाय दोन वर्षं कामाची मिळतात, ती वेगळीच.

हे सगळे नियम गर्दीचे आहेत. शंभरातले दीड कोण, हे गॉम्पर्ट्झ सांगत नाही आणि तळहातावरची आयुष्यरेषा तर मुळीच सांगत नाही. श्वास मोजून दिलेले असतात, असं म्हणत पत्रिका बघून पेन्शन विकायची (तिचा काही भाग सोडून एकरकमी पैसे घ्यायचे) की नाही ते ठरवणारे लोक मी पाहिले आहेत; त्यात त्यांच्या म्हातारपणाचं नुकसान होतं. तसाच एक संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो: पासष्टला रिटायर होणारे दीड वर्षात मरतात, पंचावन्नला होणारे ऐंशी ओलांडतात. त्यात विमानं बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचा, बोइंगचा, दाखला असतो. त्या कंपनीनेच हे आकडे खोटे असल्याचं सांगितलेलं आहे.

आतेभाऊ हे सगळं शांतपणे ऐकत होता. त्याची नोकरी रस्ते-इमारतींच्या खात्यातली. तो म्हणाला, "आमच्या साइटवरचा गवंडी पन्नाशीलाच वाकलेला असतो. त्याला पण हेच अठरा का?"

बरोबर जागी बोट ठेवलं त्याने. अठरा ही सगळ्या भारताची सरासरी आहे. त्यात पंख्याखाली बसून फायली बघणारे आहेत आणि डोक्यावरून विटा वाहणारेही. त्या वाहणाऱ्यांतल्या बहुतेकांना पेन्शन म्हणून मिळते ती वृद्धापकाळाच्या सरकारी योजनेतली काही शे रुपयांची रक्कम. तिचं वय साठ. निवृत्तीचं आणि या योजनेचं वय सरसकट साठवरून बासष्टवर नेलं, तर कारकून अकरा टक्के गमावेल. गवंड्यापुढे साठीला अठराऐवजी दहाच वर्षं असतील, तर त्याची दोन वर्षं म्हणजे वीस टक्के. नमुना नोंदणीच्या सारण्या राज्यवार मिळतात, स्त्री-पुरुष आणि गाव-शहर अशा वेगळ्या मिळतात. कामाप्रमाणे वेगळ्या मिळत नाहीत. गवंड्यापुढचे दहा मला अंदाजाने धरावे लागले, ते त्यामुळेच.