किंगपिन सारखीच, जोडणी वेगळी: ट्रकची थाळी आणि कॅम्परची हिच

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलर सोडून मोकळा परतणारा घोडा तुम्ही पाहिला असेल. ओढणाऱ्या गाडीला ट्रेलरवाले घोडाच म्हणतात. केबिनच्या मागे चॅसिसवर काळ्या ग्रीसने माखलेली, मागे व्हीसारखी खाच असलेली जाड लोखंडी थाळी असते, तीच फिफ्थ व्हील. नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवत, चारांनंतरचं पाचवं.

अमेरिकेत मोठ्या कॅम्परलाही, म्हणजे चाकांवरच्या घरालाही, फिफ्थ व्हीलच म्हणतात, कारण तो पिकअपच्या हौद्यातल्या तसल्याच जोडणीवर, म्हणजे हिचवर, टेकतो. गफलत इथे सुरू होते. जुना ट्रक घेऊन कॅम्पर ओढायचं ठरवणाऱ्याला वाटतं, ट्रकवर फिफ्थ व्हील आहेच, मग लावा आणि निघा. आणि लागतंही! किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालची थाळीत अडकणारी खुंटी, दोन्हीकडे २ इंच व्यासाचीच, त्यामुळे थाळीतला जबडा ती पकडतो, खटका बसतो. माझ्या मते धोका त्यानेच वाढतो. पिन बसलीच नसती तर पुढचा घोळ टळला असता.

खरा फरक कलण्यात आहे. ट्रकची थाळी फक्त पुढे-मागे कलते, डावी-उजवी नाही, आणि तसं मुद्दाम केलेलं असतं. मालाच्या ट्रेलरच्या पोटाला रुंद सपाट पत्रा असतो, तो थाळीवर पूर्ण पसरून बसतो. वळणावर ट्रेलर एका बाजूला झुकू लागला की घोडा त्याला सावरतो. कॅम्परची पिन मात्र पुढे आलेल्या एका लोखंडी खोक्याच्या टोकाला असते, आणि तिच्याभोवतीचा पत्रा छोटा. ट्रकचं एक चाक खड्ड्यात गेलं की थाळी कलते आणि सगळा पीळ त्या खोक्यातून कॅम्परच्या हलक्या सांगाड्यात जातो. तिथलं वेल्डिंग तडकू शकतं. म्हणून कॅम्परच्या हिचचं डोकं चारही बाजूंना हलतं.

दुसरी गोष्ट वजनाची. भरलेला ट्रक-ट्रेलर अमेरिकेत ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टन, जातो. मागचं सस्पेन्शन त्या हिशेबाचं. २०,००० पौंडांचा, म्हणजे ९ टनांचा, कॅम्पर आपल्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा पिनेवर टाकतो, म्हणजे दोन टनांच्या आसपास. एवढ्याने ट्रक मागून दबतच नाही, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ घरातल्या कपाटांना बसतो. अशा ट्रकवर म्हणूनच हवेच्या फुग्यांवर बसवलेली हिच लावतात. ट्रेलरसेव्हर हे त्यातलं माहीत असलेलं नाव. थाळी काढायची आणि त्या जागी ही बसवायची. काहीजण मागच्या दोन ड्राइव्ह अ‍ॅक्सलपैकी, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या आसांपैकी, एक काढून चॅसिस आखूडही करतात. खर्चिक काम आहे, पण हिचवरचे पैसे वाचवू नयेत.

परवान्याचं राज्यागणिक बदलतं. टेक्सासमध्ये जोडीचं वजन २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर १०,०००च्या वर असेल तर व्यावसायिक नसलेला क्लास ए परवाना लागतो.

राहिले ब्रेक आणि दिवे. घोड्याकडून ट्रेलरला हवेच्या दोन नळ्या जातात, एक लाल, एक निळी. कॅम्परला त्या लावायला जागाच नाही, कारण त्याचे ब्रेक विजेचे, ड्रममधल्या चुंबकांवर चालणारे. केबिनमध्ये वेगळा ब्रेक कंट्रोलर बसवावा लागतो. सुदैवाने अमेरिकेतले ट्रक १२ व्होल्टचे असतात, कॅम्परसारखेच, आपल्याकडचे २४चे. प्लगला दोन्हीकडे सातच पिना असल्या तरी मांडणी वेगळी. ट्रकमधून ब्रेक आणि वळणाचा सिग्नल वेगवेगळ्या तारांनी येतात, कॅम्परमध्ये दोन्ही एकाच तारेवर. मध्ये कन्व्हर्टर लागतो.

चुकून जोडणी सुटली तर काय होतं तेही बघा. मालाच्या ट्रेलरच्या नळ्या तुटतात, हवा जाते आणि स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. कॅम्परला एक बारीक केबल असते. ती ताणली की खटक्यातली पिन निघते आणि कॅम्परचीच बॅटरी ब्रेक लावते. जोडताना पिनेभोवती जबडा मिटलाय का ते टॉर्च मारून बघायचं, कॅम्परचे ब्रेक लावून गाडी हळूच पुढे ओढून बघायची, आणि ही केबल हिचच्या हँडलला न अडकवता ट्रकच्या चॅसिसला बांधायची. हिचच उखडून कॅम्परबरोबर गेली, तर हँडलला बांधलेली केबल कधी ताणलीच जाणार नाही.