मॉरिशसमधील चक्रीवादळे (१९५९–६०)

नैर्ऋत्य हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाला १९५९–६० च्या एकाच हंगामात दोन मोठ्या चक्रीवादळांचा तडाखा बसला : जानेवारी १९६० मध्ये ‘अ‍ॅलिक्स’ आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ‘कॅरोल’. या भागातील वादळांना नावे देण्याची पद्धत याच हंगामात सुरू झाली आणि पहिले नाव ‘अ‍ॅलिक्स’ला मिळाले. येथे वादळांचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. दक्षिण गोलार्धात असल्याने वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणजे बंगालच्या उपसागरातील वादळांच्या नेमके उलट.

‘अ‍ॅलिक्स’ राजधानी पोर्ट लुईजवळून समुद्रातूनच पुढे गेले, तरी वाऱ्याचे झोत ताशी सुमारे २०० किमी.पर्यंत पोहोचले. ‘कॅरोल’ने मात्र बेटच गाठले. झोत ताशी २५६ किमी.पर्यंत गेले आणि वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, बेटावरून सरकला. डोळ्याखाली काही काळ वारा पडतो. वादळ सरले असे वाटून माणसे बाहेर पडतात, पत्रे गोळा करू लागतात आणि मग उलट दिशेने वारा सुटतो. पहिल्या झोतांनी खिळखिळी झालेली छपरे या दुसऱ्या फेरीत उडतात. ‘कॅरोल’मध्ये ४२ माणसे दगावली. तोवर बहुतेक गरिबांची घरे कुडाची, लाकडी, गवताने शाकारलेली किंवा पत्र्याची होती. हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

ऊसतोडणी येथे जूनच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे दोन्ही वादळे वाढीच्या ऐन दिवसांत आली. ‘अ‍ॅलिक्स’ने झोडपलेला ऊस सावरण्याआधीच ‘कॅरोल’ने त्याला आडवे केले, आणि त्या वर्षीचे साखर-उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली घसरले. साखरेवर जगणाऱ्या देशात हा घाव घरांच्या पडझडीइतकाच खोल होता. मळ्यांवर राबणाऱ्यांत करारबद्ध मजुरांचे वंशज बहुसंख्य होते. रत्नागिरी परिसरातून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्याही त्यांत होत्या.

हंगामाचा खरा वारसा मात्र बांधकामात दिसतो. सरकारने गृहनिर्माणासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले आणि बेघरांसाठी ठिकठिकाणी ‘सिते’ नावाच्या वसाहती वसवल्या. त्यांतील बऱ्याच घरांना अ‍ॅस्बेस्टॉसचे तक्ते लावले होते. वादळातून वाचवायला बांधलेली ही घरेच पुढे आरोग्याचा प्रश्न होऊन बसली. ऐपत येईल तसे लोक सिमेंटच्या भिंती आणि सपाट स्लॅबकडे वळले. आज बेटावरची गावे ठोकळ्यांसारखी दिसतात याची तक्रार पर्यटक करतात. त्यांनी ‘कॅरोल’ पाहिलेले नसते.

इशाऱ्याच्या सध्याच्या पद्धतीत चार वर्ग आहेत. झोत ताशी १२० किमी.वर जाण्याआधी नागरिकांना दिवसाउजेडी काही तास हाताशी मिळावेत, अशा बेताने तिसरा वर्ग जाहीर करतात. फेब्रुवारी १९७५ मध्ये ‘जर्वेज’ चक्रीवादळ बेटावरून गेले तेव्हा झोत ‘कॅरोल’पेक्षाही जोरदार, ताशी २८० किमी. होते, मृतांची संख्या मात्र बरीच कमी राहिली.