डोपामिन म्हणजे आनंद, हा समज आला कुठून?

हल्ली जरा काही छान वाटलं की लोक लगेच डोपामिनचं, म्हणजे मेंदूतल्या एका रसायनाचं, नाव घेतात. याचं मूळ १९५४ मध्ये आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून प्रयोग करत होते, एकाची तार चुकून भलत्याच जागी बसली आणि तो उंदीर जिथे करंट मिळाला होता तिथेच परत परत जायला लागला. मग खटका दाबला की करंट अशी सोय केली, तर उंदीर तासाला शेकडो वेळा खटका दाबत बसले! झालं, मेंदूतलं आनंदाचं केंद्र सापडलं असं सगळ्यांनी धरलं, आणि नंतर त्यात डोपामिनचा हात दिसला तेव्हा त्यालाही तेच लेबल चिकटलं.

पण मेंदूचा अभ्यास करणारे केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवून बघितलं, तरी तोंडात गोड पाणी घातलं की ते मस्त जीभ चाटत होते, फक्त स्वतःहून खायला जात नव्हते. म्हणजे आवडणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं. माझ्या मते खरी कलाटणी इथे मिळाली.

त्याच सुमारास मेंदूचेच अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्झ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी कधी पेटतात ते मोजत होते. सुरुवातीला ज्यूस मिळाला की पेशी पेटायच्या, मग सवय झाल्यावर ज्यूसच्या आधी मिळणाऱ्या सिग्नललाच पेटायला लागल्या, ज्यूसला काहीच नाही, आणि सिग्नल देऊन ज्यूस दिलाच नाही तर बरोब्बर त्या क्षणी पेशी गप्प. १९९७ मध्ये पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत त्यांनी मांडलं की या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्षातला फरक कळवतात, आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटरला शिकवायला सटन आणि बार्टो यांनी आधीच बनवलेलं गणित याला फिट बसलं.

अर्थशास्त्रात काहनेमन आणि ट्वर्स्की १९७९ मध्येच सांगून गेले होते की माणूस फायदा-तोटा एकूण संपत्तीवर नाही, तर मनातल्या एका बिंदूपासून मोजतो. मग मेंदूवाले आणि अर्थशास्त्रवाले अशी दोन्हीकडची मंडळी एकत्र यायला लागली. १९९९ मध्ये प्लॅट आणि ग्लिमचर यांना माकडाच्या मेंदूत बक्षीस किती मोठं आणि मिळायची शक्यता किती यानुसार बदलणाऱ्या पेशी दिसल्या, आणि २००६ मध्ये पादोआ-स्किओप्पा आणि असद यांना मेंदूच्या डोळ्यांच्या वर असलेल्या भागात अशा पेशी सापडल्या ज्यांना ज्यूस कुठला याच्याशी देणंघेणं नाही, निवडलेल्याची किंमत त्या माकडाला किती वाटते तेवढंच त्या सांगतात.