सेगोर्बेचा उंच माणूस आणि डीएनएच्या तुकड्यांची लांबी

स्पेनच्या पूर्व भागात, व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला सेगोर्बे नावाचं लहानसं गाव आहे. १९९९ साली तिथल्या एका चौकात उत्खनन झालं आणि मध्ययुगीन मुस्लिम दफनभूमी सापडली. तिथला एक सांगाडा पाहताक्षणी वेगळा वाटत होता. हाडांच्या मापांवरून त्या माणसाची उंची १८४ ते १९० सेंटिमीटर निघते, म्हणजे त्या काळाच्या मानानं चांगलाच उंच. हा माणूस अकराव्या शतकातला. २०२१ साली त्याच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वडिलांकडून येणारं वाय गुणसूत्र आणि आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, दोन्ही उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांत आढळणाऱ्या शाखांचे निघाले.

यात तसं नवल नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर आहे आणि ७११ साली ती ओलांडून स्पेनवर चालून आलेल्या मुस्लिम फौजेत बर्बर शिपाईच जास्त होते. नवल पुढेच आहे. आजच्या व्हॅलेन्सियाच्या लोकांत या माणसाचा वारसा फारच थोडा उरला आहे. उलट वायव्येकडच्या गॅलिसियात, जिथे मुस्लिम सत्ता नीट रुजलीच नाही, तिथे उत्तर आफ्रिकी डीएनएचं प्रमाण स्पेनमध्ये सर्वाधिक आहे. असं का, हे समजून घ्यायचं तर नुसते टक्के पाहून भागत नाही. डीएनएचे तुकडे केवढे आहेत तेही पाहावं लागतं.

आपल्याला गुणसूत्रांचा एक संच आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. पुढच्या पिढीसाठी बीजपेशी तयार होताना हे दोन संच एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. शुक्रपेशीत असे काप साधारण पंचवीस-सव्वीस ठिकाणी पडतात, स्त्रीबीजात चाळीसच्या आसपास. समजा, एखाद्या कुटुंबात आफ्रिकेतून आलेला एक पूर्वज आहे. त्याच्या मुलाला त्याच्याकडून सबंध गुणसूत्रं मिळतात. नातवंडांपर्यंत ती कापली जातात, पणतवंडांत आणखी. दर पिढीला काप पडत राहतात आणि आफ्रिकी तुकडे आखूड होत जातात.

हे अंतर सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. एका पिढीत काप पडण्याची शक्यता शंभरात एक असेल एवढी लांबी म्हणजे १ सेंटिमॉर्गन. माणसात ती सरासरी १० लाख अक्षरांच्या (ए, टी, सी, जी या डीएनएच्या रासायनिक घटकांच्या) आसपास भरते. ढोबळ हिशेब सोपा आहे: १०० ला पिढ्यांच्या संख्येनं भागलं की तुकड्याची सरासरी लांबी मिळते. आपल्याला जंजिऱ्यामुळे मूळचा आफ्रिकेतला सिद्दी समाज ठाऊक आहे. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचा अभ्यास हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात स्थानिक लोकांशी झालेली सरमिसळ साधारण ८ पिढ्यांपूर्वीची, म्हणजे गेल्या दोनशे वर्षांतली निघाली. ८ पिढ्या म्हणजे सरासरी १२.५ सेंटिमॉर्गनचे तुकडे. एवढे लांब तुकडे संगणकावर सहज वेगळे ओळखता येतात.

दक्षिण युरोपचं काम इतकं सोपं नाही. जनुकशास्त्रज्ञ प्रिया मूरजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस इथल्या लोकांत सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेशी जुळणारा डीएनए साधारण १ ते ३ टक्के आहे आणि त्याची सरमिसळ सरासरी ५५ पिढ्यांपूर्वीची आहे. भागाकार केला तर तुकडे १.८ सेंटिमॉर्गनचे. इतका आखूड तुकडा आफ्रिकी की युरोपीय, हे एकेकट्या तुकड्याबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून त्यांनी वेगळी वाट घेतली. गुणसूत्रावरच्या लाखो ठिकाणांपैकी दोन-दोन ठिकाणांच्या जोड्या घ्यायच्या. पहिल्या जागी आफ्रिकेत जास्त आढळणारं अक्षर असेल, तर दुसऱ्या जागीही तसंच असण्याचा कल किती, ते साऱ्या नमुन्यांत मिळून मोजायचं. जवळच्या जागांची जोडी टिकते, दूरच्यांची सुटते. अंतर आडव्या अक्षावर आणि हा कल उभ्या अक्षावर मांडला की उतरती वक्ररेषा मिळते. ती जितकी झपाट्यानं उतरेल तितकी सरमिसळ जुनी. याच मूरजानींनी २०१३ साली सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांबरोबर हाच विचार भारताला लावला आणि इथल्या दोन प्राचीन समूहांची सरमिसळ सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचं मांडलं.

एक पिढी २९ वर्षांची धरली तर ५५ पिढ्या म्हणजे सुमारे १६०० वर्षं. म्हणजे इसवी सनाचं पाचवं शतक उजाडायच्या सुमाराचा काळ. या सुमारास आफ्रिकेतून युरोपात असं कोणतं मोठं स्थलांतर झालं, म्हणून कोणी इतिहासाचं पुस्तक उघडलं तर हाती काही लागणार नाही. चूक इथेच होते. ही पद्धत सरमिसळ एकदाच झाली असं धरून चालते. प्रत्यक्षात कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं प्राचीन नगरराज्य) आणि रोमच्या काळात लोक आले, अरबांच्या काळात आले, पुढे गुलाम म्हणूनही आणले गेले. अशा अनेक लाटांतून आलेल्या जोड्यांवर एकच वक्ररेषा बसवली की त्या साऱ्यांच्या मधली कुठली तरी तारीख हाती येते, आणि अलीकडच्या लाटांचे तुकडे लांब असल्यामुळे ती अलीकडे झुकते. ही तारीख कॅलेंडरमध्ये शोधायचीच नसते.

दुसरी अडचण ‘आफ्रिकी’ या शब्दातच आहे. मूरजानींच्या २०११ च्या अभ्यासात तुलनेसाठी नायजेरियातले योरुबा लोक होते. सामुद्रधुनी ओलांडून आलेले बहुतेक लोक मात्र मोरोक्को आणि अल्जीरियाच्या बाजूचे होते, आणि त्यांच्या डीएनएत योरुबांशी जुळणारा हिस्सा थोडाच असतो. उदाहरणापुरतं धरा की तो एक पंचमांश आहे. मग स्पेनच्या माणसात १० टक्के उत्तर आफ्रिकी वारसा असला, तरी योरुबांशी तुलना करणाऱ्याला २ टक्केच दिसतील. २०१३ साली उत्तर आफ्रिकेचे नमुने तुलनेत घेऊन झालेल्या एका अभ्यासात नैर्ऋत्य युरोपासाठी ४ ते २० टक्के असे आकडे आले. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच. बातम्यांमध्ये मात्र हे आकडे तुलनेचा समूह न सांगताच छापले जातात, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आता गॅलिसियाचं कोडं. २०१९ साली क्लेअर बायक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी १४१३ स्पॅनिश लोकांच्या डीएनएचा नकाशा काढला. उत्तर आफ्रिकी हिस्सा ० ते ११ टक्क्यांपर्यंत बदलत गेला; बास्क प्रदेशात जवळजवळ काहीच नाही, पश्चिमेला सर्वाधिक. सरमिसळीचा काळ ८६० ते ११२० च्या दरम्यानचा निघाला, म्हणजे मुस्लिम राजवटीच्या ऐन भरातला. पण नकाशातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट निराळी आहे. एकमेकांशी जवळचं नातं असलेले लोक उत्तर-दक्षिण उभ्या पट्ट्यांमध्ये पसरलेले दिसतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेलात तर डीएनए बदलतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलात तर फारसा बदलत नाही. उत्तरेतल्या ख्रिस्ती राज्यांनी दक्षिणेकडे मुलूख जिंकत नेला आणि प्रत्येकानं आपापल्या मागे आपली माणसं वसवली, त्याची ही खूण. पोर्तुगीज, कॅस्टिलियन आणि कॅटलान या भाषाही अशाच पट्ट्यांत खाली उतरल्या आहेत.

व्हॅलेन्सियात त्याहून कठोर गोष्ट घडली. बाप्तिस्मा घेऊनही मुस्लिम वंशाचे म्हणून ओळखले जाणारे मोरिस्को लोक १६०९ ते १६१४ या काळात स्पेनमधून हाकलले गेले. सुरुवात व्हॅलेन्सियापासूनच झाली. त्या राज्याची सुमारे एक तृतीयांश वस्ती गेली, ओसाड पडलेल्या गावांत बाहेरून शेतकरी आणून वसवले गेले. सेगोर्बेच्या उंच माणसाचे वंशज बहुधा तेव्हाच समुद्रापलीकडे गेले असावेत. एका राजाज्ञेचा परिणाम चारशे वर्षांनंतर गुणसूत्रांत वाचता येतो, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत हेलावणारं सत्य वाटतं.

एकाच जनुकावरून किंवा फक्त वाय गुणसूत्रावरून निष्कर्ष काढणारे इथेच घसरतात. उत्तर स्पेनमधल्या कॅन्टाब्रियाच्या डोंगरातल्या पासिएगो पशुपालकांत बर्बर लोकांची ई-एम८१ ही वाय शाखा विलक्षण जास्त आढळते. पण छोट्या, एकाकी समाजात दोन-चार पुरुषांचे वंश योगायोगानं फोफावू शकतात, तेव्हा त्यावरून तिथे मोठी बर्बर वसाहत होती असं म्हणता येत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंही तसंच. सिसिली आणि ग्रीसमध्ये सिकलसेलचं जनुक आहे, आणि त्याच्या आजूबाजूच्या अक्षरांचा साचा पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन नावाच्या साच्याशी जुळतो. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींत तोच अक्षरबदल, ए च्या जागी टी, अरब-भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या साच्यात बसलेला आहे. साच्यावरून वाट कळते. संख्या मात्र कळत नाही, कारण हिवताप असलेल्या प्रदेशात हे जनुक आपोआप टिकतं आणि वाढतं. ते आणणारे दहाजण होते की दहा हजार, हे त्यावरून ठरत नाही.

याहून जुन्या काळासाठी हाडांकडेच जावं लागतं. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं कवटीचं हाड शरीरात सर्वांत घट्ट असतं, म्हणून डीएनए तिथे टिकतो. त्यातून छिद्रयंत्रानं साधारण ५० मिलिग्रॅम भुकटी काढतात. मिळणारे धागे जेमतेम पन्नास-साठ अक्षरांचे असतात आणि त्यांच्या टोकांना सी हे अक्षर बिघडून टी म्हणून वाचलं जातं. हा बिघाड कामाचा आहे: तो दिसला तर डीएनए खरोखर जुना, नाही दिसला तर हाताळणाऱ्याचा. पुरुषाचा सांगाडा असेल तर आणखी एक तपासणी होते. पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच असतं, त्यावर एकाच जागी दोन वेगळी अक्षरं आली की नमुन्यात दुसऱ्या कुणाचा डीएनए मिसळला आहे. उष्ण हवेत डीएनए लवकर नासतो, त्यामुळे दक्षिण स्पेनमधला अंदालुसिया आणि मोरोक्को इथून चांगले नमुने कमी मिळतात.

तरीही मिळालेले थोडे नमुने बोलके आहेत. माद्रिदजवळच्या कामिनो दे लास येसेरास इथला एक पुरुष इ.स.पू. २४७३ ते २०३० या दरम्यानचा आहे आणि त्याचा वारसा उत्तर आफ्रिकेचा आहे. हस्तिदंत आणि शहामृगाच्या अंड्यांची कवचं त्या काळी आफ्रिकेतून स्पेनमध्ये येत होती, हे पुरातत्त्वज्ञांना ठाऊक होतंच; मालाबरोबर माणसंही येत होती हे या सांगाड्यानं दाखवलं. सार्डिनियातही जवळपास त्याच काळातल्या एका व्यक्तीत उत्तर आफ्रिकी हिस्सा सापडला आहे. पण त्या काळात अशी माणसं तुरळकच. प्रमाण वाढलं ते कार्थेजच्या आणि नंतरच्या काळात.

आणि वाहतूक एकतर्फी नव्हती. उत्तर मोरोक्कोतल्या काफ ताहत अल-घार गुहेत सुमारे ७४०० वर्षांपूर्वी राहणारे शेतकरी आयबेरियातून (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातून) समुद्र ओलांडून आले होते, असं २०२३ साली त्यांच्या हाडांतून दिसलं. त्यांचा डीएनए पुढे स्थानिक लोकांत मिसळत गेला. त्यामुळे आजचा मोरोक्कन नमुना घेऊन ‘उत्तर आफ्रिकी’ तुकडे मोजताना त्यातले काही तुकडे हजारो वर्षांपूर्वी स्पेनहूनच तिकडे गेलेले असू शकतात. टक्के काढण्याआधी ते बाजूला काढावे लागतात.