स्थिरता नियंत्रण बंद करणे (ट्रॅकवरील मोटारचालन)

स्थिरता नियंत्रण बंद करणे : बंदिस्त ट्रॅकवर वेगाने मोटार चालवण्यासाठी तिची इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण प्रणाली (ईएससी) अंशतः किंवा पूर्णपणे निष्क्रिय करणे. ही प्रणाली बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये एस-क्लास मालिकेतील कूपे मोटारीत प्रथम आणली. मर्सिडीज तिला ईएसपी म्हणते, बीएमडब्ल्यू डीएससी, टोयोटा व्हीएससी, पोर्शे पीएसएम. नव्या मोटारींत ती अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सक्तीची आहे.

स्टिअरिंगच्या कोनावरून प्रणालीला चालकाला कुठे जायचे आहे ते कळते. यॉ सेन्सर (गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते ते मोजणारा), पार्श्व म्हणजे बाजूच्या दिशेच्या त्वरणाचा सेन्सर आणि चारही चाकांचे वेगमापक यांवरून गाडी खरोखर कुठे चालली आहे ते कळते. दोन्हींत तफावत पडली, की इंजिनाचा जोर कमी होतो आणि एकाच चाकाला ब्रेक लागतो. पुढच्या चाकांची पकड सुटत असेल तर वळणाच्या आतल्या बाजूचे मागचे चाक, मागच्यांची सुटत असेल तर बाहेरचे पुढचे.

रस्त्यावर हे जीव वाचवते, ट्रॅकवर अडते. टायर थोडा घसरत असतानाच त्याची पकड सर्वाधिक असते आणि कसलेला चालक गाडी तिथेच ठेवू पाहतो. प्रणालीला मात्र ती घसरण धोक्याची वाटते. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन मंदावते. ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून (कर्ब) आतले चाक उचलले गेले तरी तेच. शिवाय दर वळणाला प्रणाली आपणहून ब्रेक लावत राहिली, की मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात आणि ब्रेक ऑइल तापते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश से. असावा लागतो, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून पेडल स्पंजासारखे मऊ झाले की दोष ब्रेकच्या कंपनीला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा डॅशबोर्डवरील ईएससीच्या दिव्यात लुकलुकत असते : प्रणाली मध्ये पडली की तो लुकलुकतो.

म्हणून बंद करण्याआधी तोच दिवा वाचावा. सुरुवातीच्या काही फेऱ्या प्रणाली चालू ठेवून माराव्यात आणि दिवा कोणत्या वळणावर लुकलुकतो ते लक्षात ठेवावे. दर फेरीला एकाच जागी लुकलुकत असेल, तर तिथे ॲक्सिलरेटर लवकर दाबला जातो आहे किंवा स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवले जाते आहे. ती चूक सुधारण्याआधी प्रणाली बंद केल्यास तिचेच रूपांतर गिरकीत होते.

‘ऑफ’ या शब्दाचा अर्थ दर गाडीत वेगळा, आणि सगळा घोळ इथेच होतो. पुष्कळ बीएमडब्ल्यूंमध्ये बटण एकदा दाबले की डीटीसी ही सैल, म्हणजे थोडी घसरण चालू देणारी अवस्था येते. काही सेकंद दाबून धरले तरच डीएससी बंद होते. टोयोटाच्या जीटी८६ मध्येही छोट्या दाबाने फक्त ट्रॅक्शन कंट्रोल (इंजिनाच्या जोराने चाके जागीच फिरू न देणारी सोय) जाते, व्हीएससीसाठी सुमारे तीन सेकंद धरावे लागते. ९९६ आणि ९९७ पिढीच्या पोर्शे ९११ मध्ये पीएसएम बंद असले तरी ब्रेक एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीच्या) हद्दीपर्यंत दाबताच ते पुन्हा मध्ये पडते. फोक्सवॅगनच्या एक्सडीएससारखी, वळणात आतल्या चाकाला ब्रेक लावणारी सोय बटणाने जाईलच असे नाही. कित्येक लहान गाड्यांत तर बटण केवळ ट्रॅक्शन कंट्रोलपुरते असते, किंवा ठरावीक वेगानंतर प्रणाली आपोआप परतते. गाडीचे मॅन्युअल इथे खरोखर वाचायचे असते.

इंजिन बंद करून पुन्हा चालू केले, की प्रणाली सामान्यतः चालू अवस्थेत येते. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) थांबून परत निघताना दिवा तपासला नाही, तर पहिल्याच वेगवान वळणात गाडी अनपेक्षितपणे वेगळी वागते.

बटणाने भागत नाही म्हणून काहीजण एबीएसचा फ्यूज काढतात. हा सर्वांत वाईट मार्ग. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधील ब्रेकच्या दाबाची वाटणी एबीएसचेच युनिट करते, त्यासाठी वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह नसतो. फ्यूज गेला की एबीएससोबत ही वाटणीही जाते, जोरात ब्रेक दाबताच हलकी झालेली मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी सरळ रस्त्यावरही फिरते. यॉ सेन्सरचा प्लग काढल्यास अनेक गाड्यांत एबीएस टिकते, सगळ्यांत नाही. असा बदल केलेल्या गाडीत मोकळ्या सरळ भागावर ताशी ४० किमी.ला पूर्ण ब्रेक दाबून पाहावा : पायाखाली धडधड जाणवली तर एबीएस जिवंत आहे.

टायर थंड असताना प्रणाली चालूच ठेवावी. एक-दोन फेऱ्यांनंतर डीटीसीसारखी मधली अवस्था, आणि पूर्ण बंद करायची तर पहिल्यांदा दुसऱ्या गिअरच्या, बाहेर मोकळी जागा असलेल्या वळणापुरती. पावसात नको. पुढे-मागे फार वेगळ्या झिजेचे टायर नसावेत. मागचा भाग निसटला तर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडू नये. भार पुढे सरकून मागची चाके आणखी हलकी होतात. स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने वळवावे, नजर जायचे आहे तिकडे ठेवावी. गाडी फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून ती थांबेपर्यंत धरावेत.

जर्मनीच्या नूर्बुर्गरिंगवरील पर्यटक-फेऱ्यांत रस्ता वाहतुकीचेच नियम लागू असतात. समोरून वाहन येत नाही म्हणून तो रेसट्रॅक समजू नये. भारतात अशा सरावासाठी बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (ग्रेटर नोएडा), चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै आणि कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे हे ट्रॅक आहेत. घाट आणि द्रुतगती मार्ग या सरावाच्या जागा नव्हेत.