स्वरतंतूंची शस्त्रक्रिया आणि घशातील रिफ्लक्स

स्वरतंतूंवरील गाठ, पॉलिप (मऊ वाढ), सूज किंवा ग्रॅन्युलोमा (जखमेच्या जागी वाढणारी मांसल गाठ) काढण्यासाठी, तसेच लुळा पडलेला तंतू मध्यरेषेकडे सरकवण्यासाठी करावयाच्या शस्त्रक्रिया. जठरातील आम्ल व पेप्सीन हे पाचक विकर वर चढून घशाला लागणे, म्हणजेच घशातील रिफ्लक्स, हे यांपैकी काही विकारांचे कारण आणि शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येण्यातील अडथळा मानले जाते. हे नाते सर्व विकारांत सारखे पक्के नाही.

स्वरतंतूवर पातळ उपकला (पेशींचे बाह्य आवरण), तिच्याखाली लॅमिना प्रोप्रिया या संयोजी ऊतीचे तीन थर व सर्वांत आत स्नायू असतो. मिनोरू हिरानो यांनी १९७४ च्या सुमारास मांडलेल्या सिद्धांतानुसार वरचे मऊ आवरण आतल्या गाभ्यावर मोकळेपणाने लहरते, म्हणून आवाज स्वच्छ उमटतो. वरच्या थराला, म्हणजे राइंकेच्या अवकाशाला, जखम भरल्यानंतरचा कडक वण पडला की ही लहर थांबते, आणि तो वण दुरुस्त करणे फार अवघड असते. त्यामुळे गाठ काढताना आजूबाजूचा निरोगी भाग जितका राखता येईल तितका राखणे हेच या शस्त्रक्रियेचे खरे कसब होय. मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये आरशातून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया १९६० च्या दशकात ओस्कार क्लाइनझासर यांच्या कामामुळे रुळली. कार्बन डायऑक्साइड लेझरचा वापर १९७० च्या दशकारंभी सुरू झाला.

रिफ्लक्सशी संबंधाचा वाद मुख्यतः स्वरतंतूच्या मागील टोकावरील उघड्या जखमेभोवती (कॉन्टॅक्ट अल्सर) आणि तिथे वाढणाऱ्या ग्रॅन्युलोमाभोवती फिरतो. शेव्हलिअर जॅक्सन यांनी १९२८ मध्ये या जखमेचे वर्णन केले आणि दोन्ही बाजूंचे कूर्चाभाग एकमेकांवर आदळणे हे कारण दिले. १९६८ मध्ये चेरी व मार्ग्युलीस यांनी जठररसाकडे बोट दाखवले. त्याच वर्षी डेलाहंटी व चेरी यांनी कुत्र्यांच्या स्वरतंतूंवर जठररस लावून ग्रॅन्युलोमा निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले. दोन्ही मतांत तथ्य दिसते: जोरकस आवाज, सततचे खाकरणे किंवा श्वासनलिकेत घातलेली नळी यांमुळे जखम होते आणि रिफ्लक्स ती भरू देत नाही, हे स्पष्टीकरण अधिक पटते. जेमी कुफमन यांच्या १९९१ च्या प्रबंधानंतर मात्र घशाच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीमागे रिफ्लक्स शोधण्याची प्रथा पडली. छातीत जळजळ नसतानाही घशाला त्रास होऊ शकतो, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. पेप्सीन सौम्य आम्लातही काही प्रमाणात क्रियाशील राहते, त्यामुळे केवळ आम्ल कमी करून भागत नाही, असेही मांडले जाते.

लालसर सूज, खाकरणे, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे ही लक्षणे ॲलर्जीत, धूम्रपानात आणि आवाजाच्या अतिवापरातही दिसतात. २०२१ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत घशाच्या दीर्घ तक्रारींवर लॅन्सोप्रॅझोल हे आम्ल कमी करणारे औषध प्लॅसीबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरले नाही. अमेरिकी कान-नाक-घसा अकादमीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही स्वरयंत्र प्रत्यक्ष न पाहता केवळ घोगरेपणासाठी आम्लरोधक देऊ नये, असे सांगतात. ही सूचना अत्यंत मोलाची आहे, कारण औषधांत महिने गेले तर कर्करोगाचे निदान लांबू शकते.

ग्रॅन्युलोमा नुसता कापून काढला तर वारंवार उगवतो. म्हणून आधी रिफ्लक्सवरील उपचार व व्हॉइस थेरपी (आवाज योग्य रीतीने वापरण्याचे प्रशिक्षण), काही रुग्णांत स्नायू तात्पुरता शिथिल करणारे बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन, आणि श्वासमार्ग अडत असेल किंवा निदान संशयास्पद असेल तरच शस्त्रक्रिया, असा क्रम बहुतेक तज्ज्ञ पाळतात. राइंकेच्या अवकाशातील सुजेत धूम्रपान हे प्रमुख कारण असून रिफ्लक्स दुय्यम आहे. स्वरतंतूंच्या गाठींत तो त्याहूनही गौण समजला जातो.

शस्त्रक्रियेच्या आगेमागे अनेक शल्यविशारद आम्लरोधक देतात. या प्रथेमागील पुरावा तोकडा आहे. मौन किती दिवस पाळावे यावर एकमत नाही, तरी सुमारे आठवड्याच्या आतली मुदत रूढ आहे. त्यानंतर आवाज हळूहळू वापरात आणला जातो, आणि या काळात खाकरणे टाळण्यास आवर्जून सांगतात.