ईसीयू विकत घेण्याआधी गाडी दाखवा

"ईसीयू घेऊन ठेवलाय, बसवून ट्यून करायला किती घ्याल?" असा फोन आम्हाला साताऱ्यात वारंवार येतो. ईसीयू म्हणजे इंजिनला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी द्यायची हे ठरवणारा संगणक. इथे बोलतोय ते मूळच्याऐवजी बसवायच्या वेगळ्या, म्हणजे स्टँडअलोन ईसीयूबद्दल. फोनवर आकडा सांगत नाही म्हणून काहीजण नाराजही होतात. त्या सगळ्यांसाठी हे पत्रक. मॅप म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचे आकडे असलेला ईसीयूतला तक्ता, आणि ट्यूनिंग म्हणजे ते आकडे गाडीवर जुळवणं, एवढं लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो आधी डबा घेऊन मग तो गाडीला चालतो का हे बघण्यात. सेकंडहँड स्वस्तात मिळाला, "याच इंजिनचा मॅप आत आहे" असं विकणाऱ्याने सांगितलं, एवढ्यावर सौदा होतो. आमच्या टेबलावर येतो तेव्हा हार्नेस (ईसीयूच्या वायरींचा जुडगा) कनेक्टरपासून चार बोटांवर कापलेलं असतं आणि लॅपटॉप जोडला की ईसीयू पासवर्ड मागतो. पासवर्ड काढायचा तर बहुतेक वेळा मॅपही पुसला जातो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचं गेलं. त्यानंतर एकेक वायर पिनपर्यंत शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा नवीन हार्नेस परवडतं.

कोरा ईसीयू घेतला तरी पहिला प्रश्न ट्रिगरचा. क्रँकच्या चाकावरचे दात मोजून आणि मुद्दाम वगळलेल्या दाताची जागा ओळखून ईसीयू पिस्टन कुठे आहे ते ठरवतो. कुठे ३६ पैकी एक दात नसतो, कुठे ६० पैकी दोन. जुन्या होंडांमध्ये ही खूण डिस्ट्रिब्युटरमधून येते. तुमच्या गाडीची पद्धत त्या ईसीयूला वाचता आली पाहिजे. दात वाचणारा सेन्सर मॅग्नेटिक असेल तर त्याच्या दोन वायरी उलट लागूनही गाडी कधीकधी चालू होते, आयडलला बरीही वाटते. मग टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) धरून रेस वाढवली, की पुलीवरची खूण जागची सरकायला लागते. अशा इंजिनवर फुल थ्रॉटल दिला तर पिस्टनला धोका आहे. म्हणून टायमिंग पक्कं झाल्याशिवाय आम्ही मॅपला हात लावत नाही. त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

टर्बो आहे का, थ्रॉटल केबलचा की इलेक्ट्रॉनिक, कॅमचं टायमिंग बदलतं का, यावर ईसीयूला किती आउटपुट लागतील हे ठरतं. एक बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चालवणाऱ्या गाडीला एक बारचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, वरच्या मॅपशी संबंध नाही) पुरत नाही, कारण तो वातावरणाचा दाबही धरून मोजतो; अडीच किंवा तीन बारचा लागतो. मूळ गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बहुधा नॅरोबँड असतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला एक या प्रमाणाच्या अलीकडे की पलीकडे एवढंच तो सांगतो, त्यामुळे ट्यूनिंगला नेमका आकडा सांगणारा वाइडबँड लागतोच. आणि बाहेरदेशी साध्या पेट्रोलवर बनलेली मॅपची फाइल आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तशीच टाकली, तर फुल थ्रॉटलला गाडी लीन जाते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. तयार फाइल पाठवून देण्याचं काम आम्ही घेत नाही, ते याच कारणाने.

पोलो जीटी टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) गाडीला स्टँडअलोन सुचवत नाही. तिथे मूळ ईसीयूचा रिमॅप, म्हणजे त्यातलाच मॅप बदलणं, हाच शहाणपणाचा मार्ग. रोजच्या वापरातल्या गाडीत स्टँडअलोन बसवूनही देत नाही. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, पीयूसी आहे, विमा आहे. हे काम आम्ही फक्त ट्रॅकच्या गाड्यांवर करतो.

ट्रॅकवाल्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. बिनटर्बोच्या इंजिनला इथे फुल थ्रॉटलला साधारण ९२-९३ किलोपास्कल दाब मिळतो, चेन्नईच्या ट्रॅकवर १०० च्या आसपास. मॅपमधल्या ९५ ते १०० किलोपास्कलच्या ओळींना इथे इंजिन पोचतच नाही. त्या ओळी आम्ही अंदाजाने सुरक्षित भरून देतो आणि ट्रॅकवरच्या पहिल्या सेशनचा लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) मागवून दुरुस्त करतो. लॉग पाठवायला विसरू नका. दुरुस्तीचे वेगळे पैसे घेत नाही.

ब्रँड कोणता, हा प्रश्न शेवटचा. हॅल्टेक, लिंक, ईसीयूमास्टर, सगळे चांगले आहेत. जो ट्यून करणार त्याच्या रोजच्या हातातला ब्रँड घ्या, मग तो ट्यूनर आम्ही नसलो तरी.

आधी तपासणी करून घ्या. तिची फी घेतो, काम आमच्याकडे दिलंत तर ती बिलातून वजा होते. कोणता ईसीयू, कोणते सेन्सर, हार्नेसचं काय, हे तपासणीनंतर लेखी देतो. ती यादी घेऊन तुम्ही माल कुठूनही आणू शकता.

येताना इंजिनमध्ये आधी काय काय बदललंय ते सगळं सांगा, इंजेक्टरचा पार्ट नंबर असेल तर आणा. ट्यूनिंगला गाडी किमान दोन रात्री ठेवावी लागते, कारण कोल्ड स्टार्ट फक्त गार इंजिनवर बघता येतो आणि रात्रभर थांबल्यावर ती संधी सकाळी एकदाच मिळते. ट्रॅकवर शनिवारी उतरायचं असेल तर गाडी त्याच आठवड्यात नको, आदल्या आठवड्यात आणा.